खिशातला कॅमेरा आणि खारा वारा

नमस्कार श्रोतेहो.

गेल्या कार्तिकातली गोष्ट. सिंधुदुर्गातल्या एका गावच्या जत्रेत, रात्री साडेअकराच्या सुमारास, मी देवळामागच्या पडवीत बसलो होतो. दशावतार उभा राहायला अजून अवकाश होता. एक कलावंत पत्र्याच्या पेटीवर बसून, गुडघ्यावर आरसा टेकवून, स्वतःचं तोंड स्वतःच रंगवत होता. वर एकच पिवळा दिवा. स्त्रीपात्राची भुवई ओढायची होती, आणि ती रेघ एका श्वासात ओढावी लागते. त्याने श्वास धरला, मीही धरला. माझ्या तळहातात मावणाऱ्या कॅमेऱ्याचं बटण दाबलं. आवाज झालाच नाही. रेघ पुरी झाली, तेव्हा आरशातूनच माझ्याकडे बघत त्याने विचारलं, "काढलंस काय?"

मी मालवणात पंचवीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवला. लग्नं, मुंजी, शाळांचे ग्रुप फोटो, सगळं मोठ्या कॅमेऱ्यावर केलं. तोच कॅमेरा त्या पडवीत असता, तर आतला आरसा खटकन उचलला गेला असता आणि त्या माणसाने मान वर केली असती. रेघ बिघडली असती, ती माझ्यामुळे. म्हणून आज तुमच्याशी ह्या लहान कॅमेऱ्यांबद्दल बोलायचं आहे. पूर्वी सहलीला न्यायचो तो साधा डिजिटल कॅमेरा आता मोबाइलने संपवला. मी बोलतोय ते त्याच्या महागड्या भावंडाबद्दल. आकार खिशाचा, पण आतला सेन्सर मोठा आणि लेन्स उत्तम. लेन्स मात्र कॅमेऱ्याला कायमची जोडलेली, ती काढता येत नाही, बदलता येत नाही. हे एवढं लक्षात ठेवा, कारण पुढे सगळं बोलणं त्यावरच येणार आहे.

आधी सेन्सर. लेन्समधून आलेला उजेड ज्या आयताकृती पट्टीवर पडतो ती. पावसाचं पाणी धरायला वाटी ठेवली आणि परात ठेवली, तर जास्त पाणी परातीत जमणार, तसंच हे आहे. ह्या कॅमेऱ्यांत 'एक इंची' म्हणून एक सेन्सर येतो. नाव इंचाचं असलं तरी तो भरतो १३.२ बाय ८.८ मिलिमीटर. सोनीने २०१२ साली 'आरएक्स १००' काढला, तेव्हा एवढा सेन्सर शर्टाच्या खिशात आला. त्याहून मोठा 'एपीएससी', साधारण २३.५ बाय १५.६ मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळात एक इंचीच्या तिप्पट. रिकोहचा 'जीआर ३' २०१९ साली आला. तो हा सेन्सर घेऊन बॅटरी आणि कार्डासकट फक्त २५७ ग्रॅमचा आहे. फुजीफिल्मची 'एक्स १००' मालिका २०११पासून चालू आहे. तिचाही सेन्सर एपीएससीच, पण ती खिशात मावत नाही, तिला छोटी पिशवी लागते.

मोबाइलचं काय, असं तुम्ही विचारणार. मोबाइल एका क्षणात अनेक फोटो घेतो आणि त्यांचा एक करतो. स्थिर देखाव्याला ते झकास जमतं. पण दशावतारातला संकासुर रंगमंचावर गिरकी घेतो, तेव्हा त्या अनेक फोटोंत त्याचा हात अनेक ठिकाणी असतो. मोबाइल तो हात पुसट करतो, चेहऱ्याची कातडी मेणासारखी गुळगुळीत करतो. मोठ्या सेन्सरला एकाच फोटोत पुरेसा उजेड मिळतो. गालावर घामाने फुटलेला रंग तसाच दिसतो, आणि मला तोच हवा असतो.

आता तडजोडीकडे येतो. लहान देहात सगळं बसत नाही. दूरचं जवळ आणणारी लेन्स हवी असेल तर उजेड कमी मिळतो. ह्याचं चांगलं उदाहरण सोनीच्या त्याच आरएक्स १०० मालिकेत आहे. २०१४ सालच्या तिसऱ्या आवृत्तीची लेन्स जुन्या फिल्म कॅमेऱ्याच्या हिशेबाने २४ ते ७० मिलिमीटरची होती, आकडा मोठा तेवढं दूरचं जवळ. तिचं तोंड एफ १.८पासून २.८पर्यंत उघडायचं, आणि एफचा आकडा लहान तेवढं तोंड मोठं, उजेड जास्त. २०१८ साली सहावी आवृत्ती आली, झूम २०० मिलिमीटरपर्यंत गेला आणि तोंड एफ २.८ ते ४.५ झालं. दुकानातल्या उजेडात हा आकड्यांचा फरक क्षुल्लक वाटतो. देवळाच्या पडवीत तो सुमारे अडीचपट उजेडाचा फरक असतो. लोक २०० मिलिमीटर ऐकून भुलतात. पण दूर माडाच्या शेंड्यावर बसलेला सागरी गरुड २००मध्येही ठिपक्याएवढाच येतो. पक्ष्यांसाठी हा कॅमेरा नव्हेच, घेऊ नका. माझं मत विचाराल तर कोकणातल्या माणसाने झूम कमी आणि उजेड जास्त असलेली लेन्स घ्यावी. आपल्याकडचं जे टिपण्यासारखं आहे ते बहुतेक पहाटेचं असतं, संध्याकाळचं असतं, नाहीतर देवळातलं.

दुसरा मार्ग, झूमच नसलेली लेन्स. पुतण्याकडून मी असा एक कॅमेरा महिनाभर मागून आणला होता, फुजीचा. पहिले चार दिवस हात बांधल्यासारखे झाले. पाचव्या दिवशी देवबागच्या किनाऱ्यावर रापण ओढत होते. होडीने अर्धगोल जाळं टाकलेलं, त्याची दोन टोकं किनाऱ्यावर, आणि दोन्हीकडे माणसांची रांग दोर ओढतेय. झूम नाही म्हटल्यावर दुरून फोटो काढायची सोयच उरली नाही. पाण्यात उतरलो, रांगेच्या शेजारी गेलो. एक म्हातारे तात्या कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले, "ह्यो काय खेळण्यातलो हाडलंस?" मोठा कॅमेरा बघून माणसं कपडे सारखे करतात, ताठ होतात. ह्याच्यापुढे तात्या दोर ओढत राहिले.

दहा वाजले होते. ऊन तात्यांच्या पाठीमागून, समुद्र चकाकतोय, आणि डोक्याला बांधलेल्या पंचाखाली त्यांचा चेहरा काळाठिक्कर. हा पेच किनाऱ्यावर फोटो काढणाऱ्या प्रत्येकाला पडतो. चेहऱ्यावर उजेड आणायला फ्लॅश मारावा, तर लेन्स बदलता येणाऱ्या मोठ्या कॅमेऱ्यांत साधारण सेकंदाच्या अडीचशेव्या भागापलीकडे शटर, म्हणजे उजेड क्षणभर आत सोडणारा पडदा, आणि फ्लॅश यांचा मेळ सहसा बसत नाही. शटर जास्त वेळ उघडं ठेवावं लागतं, आणि मग मागचं आकाश पांढरं होतं. ह्या लहान कॅमेऱ्यांपैकी बऱ्याच जणांत शटर लेन्सच्या आतच असतं, पाकळ्यांचं. ते सेकंदाच्या हजाराव्या भागालाही फ्लॅशला साथ देतं. मी हलकासा फ्लॅश दिला. आकाश निळं राहिलं आणि तात्यांच्या मनगटाला चिकटलेले तारलीचे खवले एकेक मोजता आले. पडवीतली शांतताही ह्याच शटरची देणगी.

हलकेपणाचा आणखी एक उपयोग सांगतो. रत्नागिरी आणि राजापूरच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळी पठारांवर, कातळशिल्पं आहेत हे तुम्हाला ठाऊक आहे. जांभ्यात कोरलेली ती चित्रं उभ्याने नीट दिसत नाहीत, वरून बघावी लागतात. तीनशे ग्रॅमचा कॅमेरा बांबूच्या टोकाला घट्ट बांधून, सेल्फ टायमर लावून, सूर्य मावळतीला आला की आडव्या उन्हात मी लहान आकृत्यांचे फोटो काढतो. उथळ रेघेलाही सावली पडते आणि चित्र उठून येतं. कशेळीला कातळात कोरलेल्या भल्यामोठ्या हत्तीपुढे मात्र बांबू काय करणार.

हे झालं कौतुक. आता जे दुकानदार सांगत नाही ते.

झूमच्या लहान कॅमेऱ्याची लेन्स चालू केल्यावर बाहेर सरकते, बंद केल्यावर आत जाते. आत-बाहेर होताना ती भात्यासारखी हवा ओढते. आपल्या किनाऱ्यावरच्या हवेत मीठ असतं, ओल असते आणि वारा उठला की वाळूही असते. माझा पहिला असा कॅमेरा, ज्याच्यासाठी मी दोन हंगाम पैसे साठवले होते, तारकर्लीच्या पुळणीवर गेला. दुपारचा वारा होता, लेन्स बाहेर येताना 'करकर' असा बारीक आवाज आला आणि ती अर्ध्यावर थांबली. बंद-चालू करून पाहिलं, फुंकर मारून पाहिली, पण ती हलली नाही. वाळूचा एक कण असेल. कंपनीचं नाव सांगत नाही. दुरुस्तीला पाठवला तर उत्तर आलं, लेन्सचा सगळा भाग बदलावा लागेल, आणि खर्च कॅमेऱ्याच्या निम्म्या किमतीला टेकलेला. सहा आठवडे वाट बघितली. परत आला तो पुढच्या पावसाळ्यानंतर आकाशात एक राखाडी डाग दाखवू लागला. लेन्सचं तोंड बारीक केलं, एफ ८च्या पुढे, की डाग ठळक. सेन्सरवर धूळ बसली होती.

इथे ती जोडलेली लेन्स आडवी येते. मोठ्या कॅमेऱ्यात धूळ गेली तर मी लेन्स काढतो, रबरी पंपाने हवा मारतो, पाच मिनिटांत काम होतं. ह्याला दारच नाही. आत काय शिरलं ते बाहेर काढायला कारागीर लागतो, आणि तसा कारागीर मालवणात नाही, कुडाळात नाही. मुंबईला पाठवा आणि वाट बघा. मुंबईच्या माणसाला ही तडजोड किरकोळ वाटेल. आपल्यासाठी तीच सगळ्यात मोठी आहे. चाचण्यांत ती फारशी दिसत नाही, कारण चाचणी पंधरा दिवसांत उरकते आणि आपला पावसाळा चार महिने चालतो.

म्हणून विकत घेताना पहिला प्रश्न हा विचारा, की पाण्याच्या शिंतोड्यापासून आणि धुळीपासून ह्याला काही संरक्षण आहे का. बहुतेकांना नसतं. वर सांगितलेल्या जीआर ३लाही नाही, त्याला डोळा लावून बघायची खिडकी नाही, आणि एका चार्जिंगमध्ये प्रमाणित मोजणीने साधारण २०० फोटो निघतात. तरीही रस्त्यावर आणि बाजारात त्याच्यासारखा चपळ साथीदार मी पाहिला नाही. फुजीच्या मालिकेत २०२०च्या 'एक्स १०० व्ही'पासून संरक्षण आलं, २०२४च्या 'एक्स १०० व्हीआय'मध्येही आहे, पण लेन्सपुढे एक रिंग आणि फिल्टर वेगळा घेऊन लावल्यावरच ते पुरं होतं. ती दोनशे-चारशे रुपयांची गोष्ट नाही, हे हिशेबात धरा. आणि संरक्षण म्हणजे पाण्यात बुडवायचा परवाना नव्हे. किंमत दीड लाखाच्या पुढे जाते. तेवढ्यात जुनं छप्पर शाकारून होतं, हे मी जाणतो, म्हणून एवढं खोलात सांगतोय.

ज्यांच्याकडे आधीच आहे, त्यांच्यासाठी चार गोष्टी. चामड्याच्या सुंदर केसमध्ये कॅमेरा ठेवून कपाटात बंद करू नका. चामडं ओल धरतं आणि भिंगावर बुरशी येते, कोळ्याच्या जाळ्यासारखी, आणि ती काचेवरचा लेप खाते. तांदळाच्या डब्यातही घालू नका, तांदळाची पूड आत जाते. घट्ट झाकणाचा डबा घ्या, त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. केशरी दाणे मिळतात, ओल धरली की हिरवे पडतात, जुन्या कढईत मंद आचेवर तापवले की पुन्हा केशरी. एसी गाडीतून उतरल्याबरोबर कॅमेरा बाहेर काढू नका, काचेवर दव धरेल. बंद पिशवीतच पंधरा-वीस मिनिटं राहू द्या. किनाऱ्यावरून आल्यावर किंचित ओलसर मऊ फडक्याने पुसा, मग कोरड्याने. आणि वाऱ्यात लेन्स उघडायची वेळ आली तर वाऱ्याकडे पाठ करा, अंगाचा आडोसा द्या. तान्ह्या मुलाला घेतो तसं.

पावसाळ्यात तो कपाटात झोपवून ठेवणं सगळ्यात वाईट. आठवड्यातून एकदा बाहेर काढा, ओटीवर बसून पागोळ्यांचे चार फोटो काढा.

माझा तो डागवाला कॅमेरा अजून चालतो. रात्रीच्या फोटोंत लेन्सचं तोंड पूर्ण उघडं असतं, डाग दिसत नाही, म्हणून तो आता फक्त जत्रांना नेतो. आज रात्री एका गावात नाटक आहे. इथे यायच्या आधी डबा उघडून पाहिला. दाणे अजून केशरी आहेत.

नमस्कार.