लॅन्सडाउन रोडवरची 27 मिनिटं

[दृश्य: डब्लिन शहर. उपनगरी गाडी स्टेडियमला लागून पुढे जाते.]

डब्लिनमधलं लॅन्सडाउन रोडचं जुनं स्टेडियम आता उरलेलं नाही. 2007 साली ते पाडायला घेतलं आणि 2010 मध्ये त्याच जागी नवं उभं राहिलं. जुन्या स्टेडियमची एक खूण मात्र अजून आहे. ती म्हणजे ही रेल्वे. पश्चिमेकडच्या स्टँडच्या पोटातून हे रूळ जायचे. वर सामना चालू असायचा आणि खालून गाडी धडधडत निघून जायची. मुंबईत रुळांलगतच्या चाळीत ज्यांनी दिवस काढलेत त्यांना हा हादरा वेगळा सांगायला नको. तो आधी पायांना कळतो, मग कानांना.

15 फेब्रुवारी 1995. बुधवारची संध्याकाळ. याच स्टँडच्या वरच्या मजल्यावर इंग्लंडहून आलेले प्रेक्षक बसले होते आणि खालच्या मजल्यावर आयर्लंडची माणसं, पोराबाळांना घेऊन आलेली. फुटबॉलचा सामना, आयर्लंड विरुद्ध इंग्लंड. त्यावर ना करंडक होता, ना गुण. कागदोपत्री तो मैत्रीपूर्ण सामना होता.

शेजाऱ्याशी खेळताना मैत्रीपूर्ण या शब्दाला किती अर्थ उरतो? कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पेठापेठांतल्या तालमींचे सामने ज्यांनी पाहिलेत त्यांना विचारा. लांबच्या संघाशी हरलं तर माणूस जेवून झोपतो. शेजारच्या गल्लीशी हरलं तर दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर जायचं जिवावर येतं.

आणि इथं तर शेजार शेकडो वर्षांचा. इंग्रजांची सत्ता, दुष्काळ, उठाव, फाळणी. 1922 साली आयर्लंडचा बहुतेक भाग मोकळा झाला, उत्तरेचा तुकडा ब्रिटनकडे राहिला आणि त्या तुकड्यावरून पुढे कित्येक दशकं रक्त सांडलं. त्याच काळात आयर्लंडची लाखो माणसं पोटासाठी समुद्र ओलांडून इंग्लंडलाच गेली. लिव्हरपूल, मँचेस्टर, बर्मिंगहॅम, लंडन. तिथं त्यांनी विटा वाहिल्या, रस्ते खणले, संसार थाटले. म्हणजे ज्याच्यावर राग, त्याच्याच घरात अर्धं कुटुंब.

[दृश्य: श्टुटगार्ट, जून 1988. हिरव्या जर्सींनी भरलेलं स्टेडियम.]

हा गुंता समजायचा तर एका माणसाकडे बघावं लागतं. जॅक चार्लटन. उत्तर इंग्लंडमधल्या अ‍ॅशिंग्टन या खाणकामगारांच्या गावचा. 1966 साली इंग्लंडनं विश्वचषक जिंकला तेव्हा बचावफळीत उभा असलेला उंच, लांब मानेचा गडी. त्याचा धाकटा भाऊ बॉबीही त्याच संघात होता. 1986 मध्ये हा इंग्रज आयर्लंडचा प्रशिक्षक झाला. आयर्लंडमध्ये भुवया उंचावल्या, आणि ते साहजिकच होतं.

त्यानं इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये जन्मलेली, पण आईबापांच्या किंवा आजी-आजोबांच्या नात्यानं आयरिश ठरणारी मुलं हेरून संघात आणली. 12 जून 1988 ला श्टुटगार्टमध्ये युरो स्पर्धेच्या सामन्यात सहाव्या मिनिटाला रे हाउटननं डोक्यानं चेंडू जाळ्यात घातला. आयर्लंड 1, इंग्लंड 0. हाउटनचा जन्म ग्लासगोचा. बोलणंही थेट तिथलं. आयर्लंडमध्ये त्याच्या उच्चारांवरून कोणी काही विचारलं नाही.

पुढे 1990 चा विश्वचषक. आयर्लंड पहिल्यांदाच तिथं पोहोचला आणि थेट उपांत्यपूर्व फेरीत गेला. चार्लटन आता परका राहिला नव्हता. लोक त्याला ‘बिग जॅक’ म्हणायचे. मासे धरायचा त्याला भारी नाद. आयर्लंडच्या नद्यांवर गळ टाकून बसायचा. इंग्रज माणसाला आयर्लंडनं इतकं जवळ केल्याचं दुसरं उदाहरण मला सापडत नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. आयर्लंडमधला सामान्य चाहता आठवडाभर कोणत्या संघाचा विचार करतो? लिव्हरपूलचा, मँचेस्टर युनायटेडचा, आर्सेनलचा. शनिवार-रविवारी बोटी भरून, विमानं भरून माणसं सामन्यांसाठी इंग्लंडला जातात. पोराच्या खोलीत भिंतीवर चित्र असतं ते इंग्लिश क्लबच्या खेळाडूचं. पुण्या-मुंबईत रात्री एकेक वाजेपर्यंत लिव्हरपूलसाठी जागणारी मुलं आपल्याकडेही आहेत. पण आपल्याला ते टीव्हीवरचं प्रेम. त्यांच्या बाबतीत ते घरचं, कारण तिथल्या स्टँडमध्ये काका किंवा मावसभाऊ बसलेला असतो.

तर अशी माणसं त्या बुधवारी लॅन्सडाउन रोडवर आली होती. समोर शिअरर, प्लॅट, बीअर्ड्सली, डेव्हिड सीमन. ज्यांना एरवी टीव्हीवर बघायचं, ते खेळाडू आज डोळ्यांसमोर.

वेळही चांगली होती. उत्तरेचा तुकडा ब्रिटनकडून सोडवण्यासाठी लढणाऱ्या आयआरए या सशस्त्र संघटनेनं ऑगस्ट 1994 मध्ये शस्त्रसंधी जाहीर केली होती आणि ऑक्टोबरमध्ये समोरच्या, म्हणजे ब्रिटनच्या बाजूच्या सशस्त्र गटांनीही. दोन्ही सरकारं शांततेच्या मसुद्यावर बसली होती. बरोबर एका आठवड्यानं, 22 फेब्रुवारीला, तो मसुदा जाहीर व्हायचा होता. कित्येक वर्षांनी लोकांना वाटायला लागलं होतं की आता निभावेल.

[दृश्य: लॅन्सडाउन रोड, 15 फेब्रुवारी 1995. संग्रहातली चित्रफीत.]

राष्ट्रगीतापासूनच बिनसलं. आयर्लंडचं राष्ट्रगीत चालू असताना वरच्या मजल्यावरून आरडाओरडा झाला. काही हात नाझी सलामाला उठले. आयआरएविरुद्ध घोषणा सुरू झाल्या. त्या गर्दीत केवळ सामना बघायला आलेले इंग्रजही होते, हे मुद्दाम सांगतो. पण त्यांच्यात कॉम्बॅट 18 सारख्या नवनाझी टोळक्यांची माणसं मिसळली होती आणि ती गोंधळ घालायचाच या तयारीनं आली होती. इंग्लंडच्या पोलिसांनी आयरिश पोलिसांना तशी आगाऊ सूचनाही दिलेली होती.

22 वं मिनिट. डेव्हिड केली मोकळ्या जागेत शिरला, सीमनला चकवलं, गोल. स्टेडियम उसळलं. केली जन्मानं बर्मिंगहॅमचा, वडील डब्लिनचे. म्हणजे आयर्लंडचा गोलही इंग्लंडमध्येच जन्मलेला.

पाचेक मिनिटांत इंग्लंडच्या डेव्हिड प्लॅटनं चेंडू जाळ्यात घातला, पण ऑफसाइडमुळे तो गोल धरला नाही. आणि वरून वस्तू पडायला लागल्या.

इथं मी थोडा थांबतो, कारण चित्रफितीत हे फार झरझर निघून जातं. जुन्या स्टेडियममध्ये बसायला लाकडी बाकं होती. त्यांच्या फळ्या उखडल्या गेल्या. हातभर लांबीच्या, टोकं तुटलेल्या, खिळे-पट्ट्यांसकट. वरच्या मजल्याच्या कठड्यावरून त्या खाली भिरकावल्या जात होत्या आणि खाली माणसं होती. फळी गोल गोल फिरत खाली येते. ती कुणाला लागणार, हे फेकणाऱ्यालाही माहीत नसतं. खालचे लोक आधी डोक्यावर हात धरून वाकले. मग एकेक जण कठडा ओलांडून मैदानात उतरायला लागला. बापांनी पोरांना उचलून पलीकडे दिलं. हिरव्या टोप्या, हिरवे मफलर घातलेली ती पोरं गवतावर उभी राहून मान वर करून बघत होती, जिथून फळ्या येत होत्या तिकडे.

नेदरलँड्सचे पंच डिक योल यांनी खेळ थांबवला. घड्याळात 27 मिनिटं झाली होती. खेळाडू आत गेले.

चार्लटन मात्र मैदानाच्या कडेला होता. वरून त्याच्या नावानं ओरडा झाला, ‘जूडास, जूडास’. येशूला दगा देणाऱ्या शिष्याचं नाव. देशासाठी विश्वचषक जिंकलेल्या माणसाला, त्याच्याच देशाची माणसं. मला त्या संध्याकाळचा सगळ्यात जड क्षण हाच वाटतो. फळ्यांपेक्षाही.

थोड्या वेळानं जाहीर झालं की सामना रद्द. आयरिश प्रेक्षकांना घरी जायला सांगितलं गेलं आणि ते गेले. 40 हजारांहून अधिक माणसं होती. बाकीच्या स्टँडमधून हुर्यो उठली, शिव्याही उठल्या असतील, पण हिशेब चुकता करायला ती गर्दी पश्चिमेच्या स्टँडवर चालून गेली नाही. संख्येनं ती कितीतरी मोठी होती, घरच्या मैदानावर होती, आणि रागावण्याचं कारणही धडधडीत समोर होतं. आठशे वर्षांच्या इतिहासाचा सगळा दारूगोळा त्या रात्री हाताशी होता. लोक पोरांचे हात धरून फाटकाबाहेर पडले. इंग्लंडचे प्रेक्षक आत अडकवून ठेवले होते, पोलिसांच्या कड्यात. सुमारे 20 जण जखमी झाले आणि 40 जणांना अटक झाली.

पुढं सरन्यायाधीशपदावरून निवृत्त झालेल्या थॉमस फिनले यांनी चौकशी केली. इंग्लंडमध्येही लाज वाटली, वर्तमानपत्रांनी आपल्याच लोकांना झोडपलं. वर्षभरावर युरो 96 आली होती आणि यजमान इंग्लंड होता. ती तिथं घ्यावी की नाही, इथवर प्रश्न निघाले. शेवटी स्पर्धा झाली. पण डब्लिनला इंग्लंडचा संघ पुन्हा यायला वीस वर्षं लागली.

[दृश्य: क्रोक पार्क, डब्लिन.]

मधल्या काळातली एक गोष्ट फुटबॉलची नाही, रग्बीची आहे, तरी ती सोडून पुढे जाववत नाही. लॅन्सडाउन रोडचं स्टेडियम नव्यानं बांधायचं म्हणून बंद होतं, त्यामुळे 24 फेब्रुवारी 2007 ला इंग्लंडचा रग्बी संघ क्रोक पार्कवर खेळला. हे तेच मैदान, जिथं 21 नोव्हेंबर 1920 ला ब्रिटिश फौजांनी गर्दीवर गोळीबार केला होता आणि 14 माणसं गेली होती. तिथं ब्रिटनचं राष्ट्रगीत वाजणार होतं. ते वाजलं आणि स्टेडियम गप्प उभं राहिलं. शेवटच्या ओळीपर्यंत. मग आयर्लंडनं इंग्लंडला 43-13 असं हरवलं.

[दृश्य: लॅन्सडाउन रोडवरचं नवं स्टेडियम, जून 2015.]

फुटबॉलचा संघ 7 जून 2015 ला आला. रविवार होता आणि सामना मुद्दाम भर दुपारी ठेवला होता. पुन्हा मैत्रीपूर्णच. त्याआधी 2013 मध्ये वेम्ब्लीवर 1-1 अशी बरोबरी झाली होती. डब्लिनचा हा सामना 0-0 सुटला. खेळ रटाळ झाला. पण लोक शेवटच्या शिट्टीपर्यंत जागेवर बसून होते, मग उठले आणि रमतगमत उन्हात बाहेर पडले. 1995 ला ज्यांना बापानं कठड्यावरून पलीकडे दिलं, ती पोरं आता तिशीत आली होती. त्यांच्यातली काही जण त्या दिवशी आपली पोरं घेऊन आली असतील, असं मला फार वाटतं. रटाळ सामना मुकाट्यानं शेवटपर्यंत बघायला मिळणं, हेसुद्धा त्यांचं देणं राहिलं होतं.

रुसवेफुगवे मात्र संपलेले नाहीत आणि संपू नयेत. डेक्लन राइस लंडनचा, त्याच्या वडिलांचे आईवडील कॉर्कचे. 2018 मध्ये तो आयर्लंडकडून तीन सामने खेळला. तिन्ही मैत्रीपूर्ण. नियमानं असे सामने खेळाडूला बांधून ठेवत नाहीत, म्हणून 2019 मध्ये तो इंग्लंडकडे जाऊ शकला. नियमांना ते तीन सामने दिसत नव्हते, आयरिश चाहत्यांनी मात्र ते मनात मोजून ठेवले होते. 7 सप्टेंबर 2024 ला नेशन्स लीगमध्ये तो डब्लिनला आला तेव्हा चेंडू त्याच्या पायाशी आला की हुर्यो उठायची. जॅक ग्रीलिशलाही तेच. तोही आयर्लंडच्या वयोगटातल्या संघांतून खेळलेला. राइसनं 11 व्या मिनिटाला गोल केला, ग्रीलिशनं 26 व्या. राइसनं जल्लोष केला नाही. इंग्लंडचा हंगामी प्रशिक्षक होता ली कार्सली, आयर्लंडसाठी 40 सामने खेळलेला. त्या दिवशी राष्ट्रगीत वाजलं तेव्हा त्यानं ओठ मिटलेलेच ठेवले.

पण मला या गोष्टीचा शेवट 2024 मध्ये दिसत नाही. तो मला 1995 च्याच डिसेंबरमध्ये दिसतो.

[दृश्य: अ‍ॅनफिल्ड, लिव्हरपूल. रात्र.]

13 डिसेंबर 1995. लॅन्सडाउन रोडच्या त्या रात्रीला जेमतेम दहा महिने झाले होते. युरो 96 ची शेवटची जागा भरायची होती. नेदरलँड्स विरुद्ध आयर्लंड, त्रयस्थ मैदानावर. ते मैदान ठरलं अ‍ॅनफिल्ड. इंग्लंडमधलं.

आयर्लंडची माणसं बोटींनी, विमानांनी, बसगाड्यांनी आली. काहींना वाट विचारायची गरजच नव्हती, एरवीही ती दर पंधरवड्याला इथंच येत होती. पॅट्रिक क्लायव्हर्टनं दोन गोल मारले आणि आयर्लंड 2-0 हरला. स्पर्धा गेली. आणि सगळ्यांना उमगलं की चार्लटनचाही हा शेवटचा सामना. साठी गाठलेला, दमलेला माणूस आत निघून गेला.

लोक उठले नाहीत. हरलेल्या संघाचे लोक इंग्लंडमधल्या त्या स्टँडमध्ये थंडीत उभे राहून गात राहिले. संघ कपडे बदलत होता आणि बाहेर गाणं चालूच होतं. शेवटी चार्लटन पुन्हा बाहेर आला. एकटाच. गवतावर चालत त्यांच्यासमोर गेला आणि त्यानं हात वर केला.