जामीनदार आई-बाप

(ज्येष्ठ नागरिकांच्या मेळाव्यातलं भाषण, सोलापूर. टाळ्या आणि मोबाईलच्या रिंगटोन काढून टाकल्यात.)

नमस्कार मंडळी. अध्यक्षांनी माझी ओळख समुपदेशक अशी करून दिली, तेवढं मागे घ्या. मी बँकेत कर्ज खात्याला होतो, आणि दुसऱ्याच्या घरातली भांडणं मी जेवढी टेबलापलीकडून पाहिलीत तेवढी कुणी समुपदेशकाने पण पाहिली नसतील. पत्रिकेवर विषय छापलाय 'अडचणीत असलेली प्रौढ मुले आणि पालकांच्या भावनिक मर्यादा'. आता प्रौढ मुलं म्हणजे कोण ओ, तर पस्तीस-चाळीसची, टक्कल पडायला लागलेली, आणि घरात अजून बाळ्या नाहीतर पप्पू म्हणून हाक मारतात अशी. हसू नका, समोर निम्म्या घरात पप्पू आहे.

एक गृहस्थ होते. नाव-गाव सोडा, यंत्रमाग होते त्यांचे, टॉवेलचा धंदा, माणूस एकदम सरळ. मुलगा मोबाईलवर रमी खेळायचा. आधी पाचशे, मग पाच हजार, मग अ‍ॅपवरून कर्ज, ते फेडायला दुसरं अ‍ॅप, आणि मग वसुलीवाले नातेवाईकांना फोन करायला लागले, अगदी अक्कलकोटच्या मावशीपर्यंत. (२०२५ च्या ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा आला, चांगलं झालं, पण मागची देणी कुठं जातात.) तर हे गृहस्थ मुलाला घेऊन आमच्याकडे आले, सगळं मिटवायला एकच मोठं कर्ज काढायचं आणि जामीनदार स्वतः बाप.

आता इथं माझं जुनं दुखणं आहे, ऐकून घ्या. जामीनदाराला लोक साक्षीदार समजतात. "नुसती सही तर करायचीय साहेब." अहो, नुसती कशी? १८७२ चा करार कायदा आहे, इंग्रजांच्या काळातला, त्याचं कलम १२८ म्हणतं की कर्जदार जेवढं देणं लागतो तेवढंच जामीनदार लागतो. मी हे प्रत्येकाला सांगायचो. कुणी ऐकायचं नाही. माणसं सही करताना चष्मा घालतात, या गृहस्थांनी चष्मा काढला! मी म्हटलं वाचून तरी घ्या, तर म्हणाले, वाचलं तर हात चालायचा नाही.

व्हायचं तेच झालं. तीन हप्ते पोराने भरले, पुढचे बापाने. दर महिन्याला स्वतः यायचे, आणि भरणा करून माझ्यासमोर बसून पोराचा उद्धार करायचे. घरी पण तेच. पोरगं जेवायला बसलं की "खा, बापाच्या जिवावर खा." पाहुण्यांसमोर तेच, सुनेसमोर तेच. आई मधल्या मध्ये, लपवून पाचशे-हजार द्यायची, नंतर कळलं पाटल्या पतसंस्थेत गेल्यात. एक दिवस मी म्हटलं, काका, एवढं बोलू नका त्याला, तर माझ्यावरच खवळले: "हप्ता मी भरतो, मग बोलायचं पण नाही का?"

मंडळी, मला आज जे सांगायचंय ते या एका वाक्यात आहे. आपल्याला वाटतं पैसे भरणारा बाप मऊ आणि टोमणे मारणारा कडक. तो एकच माणूस असतो! भरतो म्हणून बोलायचा हक्क मिळतो, आणि बोलल्यावर वाईट वाटतं म्हणून परत भरतो. पोराला पण हे बरं पडतं, शिव्या खाल्ल्या की त्याच्या बाजूने हिशोब फिटला. मी बाहेरून बघणारा, पण हप्ता थांबला असता ना, तर त्या घरात जेवण तरी शांतपणे झालं असतं असं मला...

चिठ्ठी आली. दहा मिनिटं? पाच. बरं. विषय अजून सुरूच व्हायचाय, पळवतो.

हे माझ्या डोक्यातलं नाही. लंडनमध्ये जॉर्ज ब्राऊन नावाच्या संशोधकाने मानसोपचाराच्या इस्पितळातून घरी गेलेल्या पेशंटचा अभ्यास केला, १९५८ मध्ये छापला. आई-बापाकडे किंवा बायकोकडे गेलेले पेशंट भावंडांकडे किंवा भाड्याच्या खोलीत राहिलेल्यांपेक्षा जास्त वेळा परत आजारी पडले. पुढे १९७२ पर्यंत त्याच्या गटाने दाखवलं की घरातली टीका, राग आणि अति काळजी, या तिन्हींचा आजार उलटण्याशी संबंध आहे. अति काळजी टीकेच्याच रांगेत, बघा. आजार घरच्यांमुळे होतो असं कुणी म्हणत नाही हां, नाहीतर आज घरी जाऊन नवीन भांडण. आणि चंदीगडला पाहिलं तेव्हा अशी घरं लंडनपेक्षा कमी निघाली.

दारूचं घ्या. व्यसनी माणसाच्या घरच्यांसाठी अमेरिकेत १९५१ ला अल-अ‍ॅनॉन सुरू झालं, तिथं बायका-आयांना पहिलं हेच शिकवतात की हे तुम्ही ओढवलं नाही, तुमच्या काबूतलं नाही आणि तुम्ही बरं करू शकत नाही. पुण्याच्या मुक्तांगणमध्ये, १९८६ पासूनचं ते, घरच्यांना पण बोलावून बसवतात. म्हणजे पोरगं तयार नसलं तरी तुम्ही मदत घेऊ शकता, त्याची वाट बघायची गरज नाही.

मग करायचं काय. काय देणार ते आधी ठरवा, नवरा-बायकोने दोघांनी मिळून, नाहीतर बाप नाही म्हणतो आणि आई स्वयंपाकघरातून देते. जेवण देणार, डॉक्टरची फी डॉक्टरला देणार, रोख नाही, सही नाही. एकदाच सांगायचं, शांत असताना सांगायचं, रात्री अकराला तो पिऊन आल्यावर नाही. पहिले काही दिवस तो जास्त बिघडल्यासारखा वागेल, तिथंच बहुतेक आया पाघळतात. जीव द्यायची धमकी दिली तर मात्र नाटक समजू नका, माझे सगळे नियम बाजूला ठेवा, एकटं सोडू नका. १४४१६ हा सरकारचा टेली-मानस नंबर आहे, फुकट, मराठीत बोलता येतं. लगेचचा धोका असेल तर ११२.

आणि घर. जिवंतपणी बक्षीसपत्र करून देणार असाल तर आमचा सांभाळ करायचा ही अट त्यात लिहून घ्या. २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे, कलम २३, अट लिहिलेली असेल आणि पाळली नाही तर प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करून ते रद्द करून मागता येतं. तोंडी "बघेन की आई" यावर विसंबून राहू नका.

घंटा वाजली. प्रश्न घेतो दोन-तीन, पण वाटणीचा प्रश्न असेल तर माईकवर विचारू नका, बाहेर भेटा, पुढच्या रांगेत बऱ्याच जणांचे व्याही बसलेत.