मॉक्सी: बाटलीतून शब्दकोशात

(दृश्य: जुनी काचेची बाटली. काचेतच उठावदार अक्षरं: मॉक्सी नर्व्ह फूड, लोवेल, मॅसॅच्युसेट्स.)

इंग्रजीत धैर्याला शब्द पुष्कळ, आणि त्यातले बरेचसे माणसाच्या शरीरातून आलेले. 'करेज' आला लॅटिनमधल्या हृदयाच्या शब्दावरून, फ्रेंचमार्गे. 'गट्स' म्हणजे आतडी. 'प्लक' म्हणजे खाटकाने जनावर सोलल्यावर उपसून काढलेलं काळीज, यकृत, फुप्फुसं. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही, मराठी माणूसही हिंमत छातीत आणि काळजातच शोधतो. पण अमेरिकेत याच अर्थाचा एक शब्द थेट दुकानाच्या फळीवरून, एका पेयाच्या नावावरून आला. तो शब्द म्हणजे मॉक्सी.

'त्या पोरात मॉक्सी आहे' एवढं म्हटलं, की अमेरिकन माणसाला चित्र दिसतं. पोरगं कुणाला बधणारं नाही, आपटलं तरी उठून उभं राहणारं आहे, आणि वर हुशारही आहे.

(दृश्य: लोवेलमधल्या लाल विटांच्या कापड गिरण्या.)

हे पेय काढणारे ऑगस्टिन थॉम्पसन यांचा जन्म १८३५ चा, मेन राज्यातल्या युनियन या गावचा. अमेरिकेतल्या यादवी युद्धात ते उत्तरेकडून लढले, नंतर होमिओपॅथी शिकले आणि गिरण्यांच्या लोवेल शहरात त्यांनी दवाखाना थाटला. तो काळ 'नसांच्या थकव्या'चा होता. १८६९ मध्ये न्यूयॉर्कचे डॉक्टर जॉर्ज बिअर्ड यांनी या थकव्याला 'न्यूरॅस्थेनिया' म्हणून प्रसिद्धी दिली, आणि झोप न येणं, उदास वाटणं, अंगात त्राण नसणं, सगळं एकाच खात्यावर जमा होऊ लागलं. थॉम्पसननी त्यावर औषध काढलं आणि १८८०च्या दशकात ते सोडावॉटरमध्ये मिसळून बाटलीत भरलं. नाव दिलं मॉक्सी नर्व्ह फूड, म्हणजे नसांचं अन्न.

त्यात होती जेंशियन नावाच्या डोंगरी झाडाची मुळी. ती किती कडू, हे महाराष्ट्रात वेगळं सांगायला नको. ताप आला की आजी जे काडेचिराईत उकळून पाजायची, ते याच कुळातलं. दोन्हींत अमॅरोजेंटिन नावाचं द्रव्य असतं, आणि निसर्गात सापडणाऱ्या सर्वांत कडू पदार्थांत त्याची गणना होते. आता काडेचिराईताच्या काढ्यात साखर आणि सोडा घालून कुणी थंडगार ग्लास पुढे केला तर? मॉक्सीचा पहिला घोट गोड लागतो, कडूपणा मागाहून जिभेच्या मुळाशी येतो आणि तिथेच बसतो. ज्यांना आवडलं त्यांनी जन्मभर प्यायलं, बाकीच्यांनी पुन्हा तोंडाला लावलं नाही.

थॉम्पसन यांच्या जाहिराती मात्र बेफाम होत्या. पक्षाघातापासून वेडापर्यंत सगळं बरं होतं, असा त्यांचा दावा. ही वनस्पती दक्षिण अमेरिकेत लेफ्टनंट मॉक्सी नावाच्या मित्राला सापडली, अशी कथाही ते सांगत. असा कुणी लेफ्टनंट असल्याचा पुरावा मात्र मिळत नाही. उलट मेनमध्ये मॉक्सी नावाचं तळं आहे, डोंगर आहे, धबधबा आहे, आणि त्या मुलखाच्या मूळ रहिवाशांच्या भाषांशी या नावाचं नातं जोडलं जातं. थॉम्पसन त्याच राज्यात वाढले, तेव्हा नाव तिथूनच उचललं असावं, हे मला जास्त पटतं.

१९०६ मध्ये अमेरिकेत अन्न आणि औषधांच्या शुद्धतेचा कायदा झाला. रोग बरे करण्याच्या खोट्या दाव्यांना चाप बसला, आणि 'नर्व्ह फूड' हे शब्द गेले. थॉम्पसन त्याआधीच, १९०३ मध्ये वारले होते. खरं तर मॉक्सी तिथेच संपायचं. कडू चवीचं पेय, त्यातला औषधाचा आधारही गेलेला. कोण विकत घेणार?

(दृश्य: मिरवणुकीचं जुनं छायाचित्र. मोटारीवर उभा घोडा.)

इथे फ्रँक आर्चर येतात. साधे कारकून म्हणून कंपनीत लागलेला हा माणूस पुढे जाहिरातींचा सर्वेसर्वा झाला. त्यांची 'हॉर्समोबिल' नीट बघा. मोटारीच्या सांगाड्यावर पुऱ्या उंचीचा खोटा घोडा उभा केलाय. चालक आत सीटवर नाही, घोड्याच्या पाठीवर, खोगिरात बसलाय. लगामाच्या जागी त्याच्या हातात स्टिअरिंग आहे. अशा गाड्या गावोगावच्या मिरवणुकांत फिरल्या. दुसरीकडे भिंतींवर, पत्र्याच्या पाट्यांवर पांढऱ्या कोटातला एक तरुण दिसू लागला. नजर थेट तुमच्यावर, बोट तुमच्याकडे रोखलेलं. रोग बरा करण्याची भाषा थांबली होती. आता त्या नजरेतच जोम दिसत होता, बेधडकपणा दिसत होता.

माझ्या मते शब्दाचा अर्थ इथेच फिरला. इंग्रजीत 'नर्व्ह' म्हणजे नस, आणि 'नर्व्ह' म्हणजे छाती, धाडसही. नसांचं अन्न विकणाऱ्या बाटलीने वीस वर्षं हे दोन्ही अर्थ शेजारी शेजारी ठेवले होते. लेबलवरचा मजकूर कायद्याने पुसला, पण लोकांच्या बोलण्यातून तो पुसणार कसा?

१९३० च्या सुमारास छापील मजकुरात 'मॉक्सी' धैर्य या अर्थाने दिसू लागतो, आणि हळूहळू त्याचं कॅपिटल अक्षरही गळतं. आधी तो रस्त्यावरचा शब्द होता: मुष्टियोद्धे, बेसबॉलचे खेळाडू, गुंड, वार्ताहर यांचा. म्हणजे मुख्यतः पुरुषांचा, आणि अर्थ 'दम'. कंपनी आपल्या नावासाठी डोळ्यांत तेल घालून होती; मोडॉक्स, नॉक्सी कोला अशा नकलांना तिने कोर्टात खेचलं. बोलीत शिरलेला शब्द मात्र तिच्या हातात उरला नाही.

पुढे त्यात चलाखी आली, हरहुन्नरीपणा आला. आज तो बहुधा अशांबद्दल वापरतात ज्यांच्यापाशी सत्ता नाही: पहिलीच निवडणूक लढवणारी बाई, बड्या कंपनीला नडणारा छोटा दुकानदार, अंगाने किरकोळ खेळाडू. सेनापतीला कुणी सहसा मॉक्सी लावत नाही. हा अर्थ मला फार मोलाचा वाटतो, कारण रणांगणावरच्या शौर्याला भाषेत शब्दांची कधीच वाण नव्हती. रोजच्या जगण्यात न दबता उभं राहणाऱ्यांसाठी शब्द कमी होते. पण त्यात एक काटाही आहे. मुलीला 'मॉक्सी आहे हं हिच्यात' म्हणताना 'हिच्याकडून अपेक्षा नव्हती' हेही कधी कधी ऐकू येतं, आणि ज्यांना ते ऐकावं लागतं त्यांना ते बरोबर कळतं.

(दृश्य: लिस्बन फॉल्स, मेन. नारिंगी रंगाने भरलेला रस्ता.)

पेय मात्र मागे पडलं. कोका-कोलाने बाजार व्यापला आणि मॉक्सी न्यू इंग्लंडपुरतं, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातल्या राज्यांपुरतं उरलं. लिस्बन फॉल्समधले दुकानदार फ्रँक अनिसेटी यांनी ते निष्ठेने विकलं आणि मिरवलं. त्यांच्या दुकानाभोवती १९८०च्या दशकात जो मेळावा सुरू झाला, त्याचा दर जुलैचा मॉक्सी महोत्सव झाला. २००५ मध्ये मेनने मॉक्सीला राज्याचं अधिकृत शीतपेय ठरवलं. २०१८ मध्ये कोका-कोलानेच हा ब्रँड विकत घेतला. महोत्सवात कडू मॉक्सी घटाघटा पिण्याची शर्यत लागते, आणि तिथे उभं राहायला पोरंटोरं, बाया, म्हातारे सगळेच येतात.