घागऱ्याचं बी

(दृश्य: डोंगरातली चढण. पाठीवर टोपली घेतलेली एक बाई. कॅमेरा हळूहळू तिच्या हातांवर येतो.)

तिच्या हातांकडे बघा. पाठीवर ओझं आहे, वाट चढणीची आहे, पण बोटं थांबत नाहीत. वाखाच्या एका पट्टीचं टोक दुसरीच्या टोकाशी जुळतं, अंगठा आणि तर्जनी त्याला पीळ देतात, आणि लांबलेला धागा हाताभोवती गुंडाळला जातो. गाठ कुठेच नाही. बाजाराला जाताना, शेतावरून येताना, शेजारणीच्या दारात बसल्यावरही हे चालूच असतं.

हा उत्तर व्हिएतनाममधला ‘हा जियांग’ नावाचा भाग, चीनच्या सीमेला लागून असलेला चुनखडीच्या डोंगरांचा मुलूख. इथे ह्मोंग लोक राहतात. त्यांचे पूर्वज दक्षिण चीनमधून डोंगरामागून डोंगर ओलांडत खाली आले. आज व्हिएतनाम, लाओस आणि थायलंडच्या डोंगराळ भागात त्यांची गावं आहेत. आणि या बाईच्या हातात जो धागा तयार होतोय, त्याचा होणार आहे चुण्यांचा घागरा.

त्या घागऱ्याची सुरुवात शेतात होते. हेंप, म्हणजे भांगेच्याच जातीचं रोप, इथे वाखासाठी पेरतात. बी अगदी दाट टाकतात. खेटून उगवल्यामुळे रोपाला फांद्या फुटायला जागाच राहत नाही, ते सरळ वर जातं आणि साल लांबच लांब निघते. माणसाच्या डोक्यावर गेलेलं पीक कापायचं, वाळवायचं, मग एकेका काडीवरून साल सोलून कांडायची. जोडलेल्या धाग्याला पीळ भरायला पायाने फिरवायचा मोठा चरखा असतो, त्यावर एकाच वेळी चार चात्या फिरतात. मग राखेच्या पाण्यात उकळायचं, धुवायचं, पुन्हा उकळायचं. धागा पांढरा होईपर्यंत.

(दृश्य: माग. ताण्याचं एक टोक बाईच्या कमरेच्या पट्ट्याला.)

विणून होणारं कापड अरुंद असतं, जेमतेम हातभर पन्ह्याचं, आणि हाताला खरखरीत लागतं.

आता हे बघा. जमिनीवर लाकडाचा गोल ओंडका, त्याच्यावर कापड आणि कापडावर जड, गुळगुळीत दगडी लादी. त्या लादीवर बाई उभी राहते. एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत ती सावकाश झुलत राहते, दगड डुलतो, खालचा ओंडका मागेपुढे फिरतो. तिच्या वजनाने कापडाचा खरखरीतपणा मोडतो आणि त्यावर चकाकी येते. मला या सगळ्या कामातलं हे सर्वांत देखणं काम वाटतं. लांबून बघणाऱ्याला वाटावं, बाई एकटीच नाचतेय.

(दृश्य: निखाऱ्यांवर मेणाचं भांडं.)

बांबूची दांडी, तिच्या टोकाला तांब्याचे दोन-तीन पातळ पत्रे. त्यांच्या फटीत वितळलेलं मेण धरून राहतं. कापडावर पेन्सिलची खूण नाही. घडी घालून नखाने दाबलेल्या रेषा, तेवढाच आधार. त्यावरून ही लेखणी फिरते: सरळ रेघ, तिला समांतर दुसरी, मग चौकट, चौकटीत वेटोळं. मेणाची रेघ पुसता येत नाही.

मग नीळ. इथली नीळ ज्या झुडपाच्या पानांतून निघते, ते आपल्या सह्याद्रीतल्या कारवीचं जवळचं नातलग. पानं पाण्यात भिजवून, चुना घालून घुसळली की तळाशी निळा गाळ बसतो, त्याचं पिंप लावतात. कापड पिंपातून वर येतं तेव्हा हिरवट दिसतं आणि हवा लागली की डोळ्यांदेखत निळं होतं. अशा कितीतरी बुडव्या, दिवसेंदिवस. रंगवणारीची नखंही निळी राहतात. शेवटी उकळत्या पाण्यात मेण निघून जातं आणि त्याखाली झाकलेल्या पांढऱ्या रेघा उमटतात.

यावर सुई चालते. फुलीचा टाका, रंगीत पट्ट्या, कापडावर दुमडून शिवलेलं कापड. ह्मोंग भाषेत या कलेला ‘पा न्दाउ’ म्हणतात, म्हणजे फुलांचं कापड. त्यातलं गोगलगाईचं वेटोळं ठिकठिकाणी दिसेल: मधोमध पूर्वज, आणि बाहेर उलगडत जाणाऱ्या पिढ्या. एक दंतकथाही सांगतात. कधीकाळी आपली लिपी होती, ती हरवली, आणि बायकांनी तिची अक्षरं घागऱ्याच्या नक्षीत लपवून ठेवली.

सहा मीटरच्या आसपास कापडाच्या शेकडो बारीक चुण्या घालतात, त्या दोऱ्याने ओवून आवळून ठेवतात. नवा घागरा नव्या वर्षाला तयार हवा.

लाओसमधल्या युद्धानंतर, 1975 मध्ये, हजारो ह्मोंग कुटुंबं मेकाँग नदी ओलांडून थायलंडला पळाली. तिथे बान विनाईच्या निर्वासित छावणीत शेत नव्हतं, हेंप नव्हतं. सुई होती. तिथल्या कापडांवर वेटोळ्यांच्या जागी विमानं, जळणारी घरं आणि नदीत उतरलेली माणसं आली. तीच कापडं पुढे अमेरिकेत, मिनेसोटापर्यंत पोचली.

(दृश्य: आठवडी बाजार. दोरीवर टांगलेले छापील घागरे.)

हे चीनमधून येणारे, यंत्रावर छापलेले पॉलिस्टरचे घागरे. हलके, स्वस्त, पटकन वाळणारे. दिवसभर शेतात राबणाऱ्या बाईने हा घातला, तर तिला बोल लावणारे आपण कोण? याच भागात लुंग ताम गावात 2001 पासून बायकांची सहकारी संस्था हेंपचं कापड करून विकते, आणि त्या मागांवर तरुण हातही दिसतात.

पण पॉलिस्टर घालणाऱ्या घरातही पेटीच्या तळाशी हेंपचा एक जोड जपून ठेवलेला असतो. तो मरणासाठी. अंगावर हेंप नसेल तर पूर्वज आपल्याला ओळखणार नाहीत, अशी श्रद्धा आहे.

अंत्यविधीला वाट दाखवणारं गाणं म्हणतात. ते आत्म्याला उलट्या वाटेने नेतं, तो जिथे जिथे राहिला त्या प्रत्येक गावातून मागे, थेट जन्मघरापर्यंत. तिथे त्याने आपला पहिला अंगरखा घ्यायचा असतो. ह्मोंग लोक वारेला, म्हणजे बाळंतपणात बाळामागून पडणाऱ्या वेष्टनाला, अंगरखाच म्हणतात. मुलीची वार पलंगाखाली पुरायची, मुलाची घराच्या मधल्या खांबाशी. तो अंगरखा चढवला की पूर्वजांकडची वाट मोकळी.

(दृश्य: पुन्हा तीच चढण. बाई वळणाआड जाते. बोटं अजून पीळ देत आहेत.)