मर्यादेची किल्ली दुसऱ्याच्या हाती

[दृश्य: संध्याकाळ. देवळावर बसवलेला भोंगा. खाली चौक, दिवे लागलेली घरं.]

सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव हे गाव आहे. लोकवस्ती 3 हजारांच्या आसपास. 15 ऑगस्ट 2022 पासून या गावात रोज संध्याकाळी 7 वाजता भैरवनाथाच्या देवळावरचा भोंगा वाजू लागला. भोंगा झाला की टीव्ही बंद, मोबाइल बाजूला. 8.30 वाजता दुसरा भोंगा. मधला दीड तास मुलांच्या अभ्यासाचा, वाचनाचा आणि घरातल्यांनी एकमेकांशी बोलायचा.

करोनाच्या टाळेबंदीत शाळा मोबाइलवर आली होती. पुढे वर्ग पुन्हा भरू लागले, पण मोबाइल मुलांच्या हातातून सुटेना. मोठ्यांचंही तेच. 14 ऑगस्टला गावात महिलांची सभा भरली आणि भोंगा घ्यायचं ठरलं. मग आशा सेविका, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक घरोघरी फिरले, लोकांना समजावून सांगितलं.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या बांशी ग्रामपंचायतीने 18 वर्षांखालच्या मुलांच्या मोबाइल वापरावर बंदीचा ठराव केला. तळमळ दोन्हीकडे तीच. पण आम्हाला वडगावचा मार्ग जास्त टिकाऊ वाटतो, कारण तिथे नियम मोठ्यांनाही लागू आहे. बाप रील बघत बसलाय आणि मुलाला मात्र मनाई, असं असलं की मूल नियम पाळत नाही, लपवायला शिकतं.

वडगावात आणखी एक गोष्ट घडली. वेळ ठरवली गावाने, इशारा आला देवळावरून, आणि थांबले सगळे एकदम. एकट्या माणसाच्या निग्रहावर काही सोडलं नाही. आपल्या फोनमधल्या मर्यादा चार दिवसांत का मोडतात, याचं उत्तर इथेच आहे. फोनमध्ये मर्यादा घालणारा हात आणि ती उठवणारा हात एकच असतो.

[दृश्य: पडद्यावर खालून वर सरकणारा अंगठा. व्हिडिओमागून व्हिडिओ.]

समोर काय आहे, तेही बघू. पूर्वी वेबसाइटवर पान संपायचं आणि खाली ‘पुढील पान’ असं बटण असायचं. तिथे क्षणभर थांबणं व्हायचं आणि उठावंसं वाटायचं. 2006 मध्ये एझा रास्किन या रचनाकाराने न संपणाऱ्या पानाची कल्पना आणली: तळाशी पोहोचायच्या आत पुढचा मजकूर आलेलाच. पुढे स्वतः रास्किनने या शोधाबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला. छोट्या व्हिडिओंनी तो क्षणही पुसून टाकला. भारतात 29 जून 2020 ला टिकटॉकवर बंदी आली, जुलैमध्ये इन्स्टाग्रामने रील्स सुरू केल्या आणि सप्टेंबरमध्ये यूट्यूबने शॉर्ट्स. पुढचा व्हिडिओ मजेदार निघेल की कंटाळवाणा, हे आधी कळत नाही आणि बोट त्यासाठीच सरकत राहतं. कधी मिळेल, कधी नाही, अशा बक्षिसाची सवय सगळ्यांत चिवट असते, हे मानसशास्त्रात फार पूर्वी सिद्ध झालेलं आहे.

[दृश्य: अँड्रॉइड फोनचा पडदा, जवळून.]

आता फोन हातात घ्या. सेटिंग्ज उघडा, खाली या, ‘डिजिटल वेलबीइंग आणि पालक नियंत्रणे’ वर टेकवा. कंपनीनुसार जागा बदलते. सापडत नसेल तर सेटिंग्जच्या शोधपट्टीत ‘वेलबीइंग’ लिहा. समोर गोल आलेख येईल. मध्ये आजचा एकूण वेळ, खाली फोन किती वेळा उघडला आणि सूचना किती आल्या, त्याचे आकडे. डॅशबोर्डमध्ये गेलात की प्रत्येक ॲपचा वेळ वेगळा दिसतो.

लगेच काही बंद करू नका. आधी मागच्या 7 दिवसांचे आकडे कागदावर उतरवा आणि सरासरी काढा. समजा इन्स्टाग्रामचा रोजचा वेळ 2 तास 20 मिनिटं निघाला. तर पहिली मर्यादा 1 तास 45 मिनिटांची ठेवा, म्हणजे साधारण पाव हिस्सा कमी. पहिल्याच दिवशी 15 मिनिटांची मर्यादा लावणारे बहुतेक जण ती दोन दिवसांत काढून टाकतात आणि मग त्या पानाकडे फिरकतही नाहीत. 1 तास 45 आठवडाभर पाळता आला की पुन्हा पाव हिस्सा कमी करा.

डॅशबोर्डमध्ये ॲपच्या नावासमोर वाळूच्या घड्याळाचं चिन्ह असतं. ते दाबून तास आणि मिनिटं निवडायची. वेळ संपला की ॲप बंद होतं, त्याचं चिन्ह करडं पडतं आणि त्याच्या सूचनाही थांबतात.

ही मर्यादा गळते कुठून?

पहिली गळती मध्यरात्री. टायमर रात्री 12 वाजता शून्यावर येतो. पावणेबाराला कोटा संपलेला माणूस पंधरा मिनिटं कळ काढतो, आणि 12 वाजता त्याला उद्याचा अख्खा कोटा मिळतो, तोही अंथरुणात, झोपेच्या वेळी. ‘बेडटाइम मोड’ लावून हे थांबत नाही. तो पडदा काळापांढरा करतो, आवाज बंद करतो, पण ॲप उघडू देतो. यासाठी ‘फोकस मोड’ हवा. त्यात नको असलेली ॲप निवडायची आणि वेळापत्रक द्यायचं: रात्री 10 ते सकाळी 6.30, सातही दिवस. आयफोनवर हेच काम ‘डाउनटाइम’ करतो.

दुसरी गळती ब्राउझरमधून. इन्स्टाग्राम ॲपला टायमर आहे, पण क्रोममध्ये तीच साइट उघडते आणि ॲपचा टायमर तिथे चालत नाही. डॅशबोर्डमध्ये क्रोमच्या नोंदीत वेबसाइट दाखवण्याची सोय आहे. ती चालू केली की साइटलाही वेळ ठरवता येते. त्याहून सोपं म्हणजे क्रोममध्ये त्या साइटवरून लॉग आउट व्हायचं.

तिसरी गळती कळत नाही, कारण तिथे वेळ कमी होत नाही, फक्त घर बदलतो. इन्स्टाग्राम बंद झालं की तेच व्हिडिओ फेसबुकवर, मग यूट्यूब शॉर्ट्सवर. म्हणून दर रविवारी एका ॲपचा आकडा बघू नका, एकूण वेळ बघा. आणि घरातल्या टीव्हीवरचं यूट्यूब फोनच्या हिशेबात येत नाही, हेही ध्यानात ठेवा.

चौथी आणि सगळ्यांत मोठी गळती म्हणजे आपण स्वतः. अँड्रॉइडवर टायमर काढायला बहुतेक फोनमध्ये पासवर्ड लागत नाही. त्याच पानावर जाऊन तो कुणीही काढतो.

[दृश्य: दोन हात. एक फोन धरलेला, दुसरा चार आकडे टाकणारा.]

म्हणून किल्ली दुसऱ्याकडे द्यायची. आयफोनवर ही सोय चांगली आहे. सेटिंग्जमध्ये ‘स्क्रीन टाइम’, त्यात ‘ॲप लिमिट्स’. मर्यादा लावली तरी वेळ संपल्यावर ‘आजच्या दिवस दुर्लक्ष करा’ असा पर्याय येतो आणि बोट आपसूक तिथे जातं. तो पर्याय घालवायचा तर स्क्रीन टाइमला पासकोड लावा आणि मर्यादेच्या पानावर ‘वेळ संपल्यावर अडवा’ या अर्थाचं बटण चालू ठेवा. पासकोडचे चार आकडे बायकोने, नवऱ्याने, भावाने किंवा खोलीतल्या मित्राने टाकायचे. आपण तोंड फिरवायचं. पासकोड विसरल्यास परत मिळवण्यासाठी फोन ॲपल खातं विचारतो. तिथे स्वतःचं खातं दिलंत तर किल्ली पुन्हा तुमच्याच खिशात आली. तिथे किल्ली धरणाऱ्याचं खातं द्या.

अँड्रॉइडवर मोठ्या माणसासाठी उपाय जरा रांगडा आहे, पण चालतो. ज्या ॲपचा त्रास आहे ते फोनवरून काढून टाका. खात्याचा पासवर्ड घरातल्या दुसऱ्या माणसाला बदलायला सांगा. रविवारी संगणकावर त्याच्याकडून लॉगइन करून घ्या, काम झालं की लॉग आउट. ओटीपी मागवून पासवर्ड पुन्हा बदलता येतो, हे खरं. पण त्याला दोन-तीन मिनिटं जातात, आणि सवयीने सरकणारं बोट तेवढ्यात भानावर येतं.

व्हॉट्सॲपला मात्र टायमर लावू नका. शाळेचा ग्रुप, सोसायटीचं पाणी, दवाखान्याचा निरोप, गावाकडचा फोन, सगळं तिथे येतं. टायमर संपला की सगळंच अडतं आणि मग चिडून माणूस सगळ्याच मर्यादा काढून टाकतो. व्हॉट्सॲपमध्ये ग्रुप निवडा, सूचना ‘नेहमीसाठी’ म्यूट करा, ग्रुप संग्रहात टाका. सेटिंग्जमधल्या चॅट्समध्ये जाऊन ‘संग्रहित चॅट तसेच ठेवा’ हे चालू ठेवा, नाहीतर नवा मेसेज आला की ग्रुप पुन्हा वर येतो. ‘स्टोरेज आणि डेटा’मध्ये जाऊन फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं बंद करा. सुप्रभातचे व्हिडिओ उघडायचे की नाही, हे निदान तुम्ही ठरवाल.

यूट्यूबसाठी एक उपाय आम्ही आवर्जून सांगतो. खात्याच्या सेटिंग्जमध्ये पाहिलेल्या व्हिडिओंचा इतिहास पुसा आणि तो नोंदवणं थांबवा. 2023 पासून असं केल्यावर यूट्यूबचं मुखपृष्ठ जवळजवळ रिकामं दिसतं, सुचवलेले व्हिडिओ येत नाहीत. हवं ते शोधा, बघा, बाहेर पडा. कीर्तन, पाककृती, गणिताचा तास, सगळं मिळतंच. ‘ऑटोप्ले’चं बटणही बंद करा.

सूचनांची यादी कापायलाही अर्धा तास काढा. सेटिंग्ज, सूचना, ॲपच्या सूचना. माणसांचे मेसेज, बँक आणि फोन कॉल ठेवा. खरेदीची ॲप, खेळ आणि ‘तुमच्यासाठी खास’ म्हणणारी सगळी बंद. अँड्रॉइड 13 पासून नवं ॲप आधी परवानगी मागतं. तिथेच नकार द्या.

[दृश्य: स्वयंपाकघर. एकच फोन, त्याभोवती तीन मुलं.]

मुलांचं गणित वेगळं आहे. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार 2 वर्षांखालच्या बाळाला पडदा नकोच, आजीआजोबांशी अधूनमधून व्हिडिओ कॉल तेवढा चालेल. 2 ते 5 वर्षांत जास्तीत जास्त 1 तास, तोही मोठ्यांच्या नजरेखाली. 5 ते 10 वर्षांत 2 तासांपेक्षा कमी. मुलाचा स्वतःचा अँड्रॉइड फोन असेल तर गूगलच्या ‘फॅमिली लिंक’मधून पालकाला रोजची मर्यादा, झोपेची वेळ आणि प्रत्येक ॲपची मुदत आपल्या फोनवरून ठरवता येते.

पण आपल्याकडे अनेक घरांत मुलाला वेगळा फोन नसतो. आईचाच फोन फिरतो आणि तिथे फॅमिली लिंक उपयोगी पडत नाही. अशा फोनवर सुरक्षेच्या सेटिंग्जमध्ये ‘ॲप पिन करणे’ चालू करा आणि सोडवताना पिन विचारण्याचा पर्यायही निवडा. मग ‘यूट्यूब किड्स’ उघडून ते पिन करा. मूल दुसऱ्या ॲपमध्ये जाऊ शकत नाही, आणि यूट्यूब किड्सच्या पालक विभागातला टायमर वेळ झाली की पडदा थांबवतो. आयफोनवर ‘गाइडेड ॲक्सेस’मध्ये ॲप आणि वेळ, दोन्ही एकत्र बांधता येतात.

वेळ संपायच्या पाच मिनिटं आधी मुलाला सांगा. व्हिडिओ मध्येच तोडला की आकांत होतो. संपल्यावर थांबवला की कमी होतो. जेवताना फोन देऊन घास भरवायची सवय लागली असेल तर ती एका जेवणापासून सोडवा, सगळ्या जेवणांपासून एकदम नाही.

फोन काढून घेतल्यावर मूल किंवा मोठं माणूस हिंसक होत असेल, शाळा किंवा काम सुटत असेल, रात्ररात्र झोप लागत नसेल, तर सेटिंग्ज पुरणार नाहीत. बंगळूरच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत 2014 पासून यासाठी स्वतंत्र ‘शट क्लिनिक’ चालतं. तिथवर जाणं जमत नसेल तर ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक फिरवा. फोन मोफत आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येतं. ज्याला त्रास होतोय तो बोलायला तयार नसला, तरी घरातल्या दुसऱ्या कुणीही विचारलं तरी चालतं.