‘एक शिंप्याची बाई होती…’

(एका तालुका ग्रंथालयाच्या वर्धापनदिनी निवृत्त ग्रंथपालांनी केलेल्या भाषणाचं संपादित रूप)

नमस्कार. देवघेवीच्या टेबलामागे माझी चौतीस वर्षं गेली. या काळात सगळ्यांत जास्त वेळा कानावर पडलेलं वाक्य म्हणजे, ‘नाव आठवत नाही हो, पण त्यात एक…’ त्या ‘पण त्यात एक’बद्दलच आज बोलायचं आहे.

ऐन पावसाळ्यात एक बाई आल्या. सरकारी दवाखान्यातून सिस्टर म्हणून निवृत्त झालेल्या. छत्री दाराशी टेकवली आणि उभ्याउभ्याच म्हणाल्या, “एक शिंप्याची बाई होती. गरिबी. संसाराची पार वाताहत होते. मशीनचा आवाज अजून कानात आहे माझ्या. वऱ्हाडातली गोष्ट आहे.” लेखक आठवत नव्हता, नावही नाही. मुखपृष्ठ आधीच फाटलेलं होतं. १९७६च्या सुमारास अमरावतीला ट्रेनिंगला असताना कुणाची तरी प्रत हाती आली. सकाळी परत द्यायची होती, म्हणून नाइट ड्युटीत एका रात्रीत वाचून काढलेली.

मला वाटलं, हे तर सरळ आहे. वऱ्हाड आणि शिंप्याचं घर, म्हणजे उद्धव शेळक्यांची ‘धग’. १९६०ची कादंबरी. त्यातली कौतिक एकदा वाचली की विसरता येत नाही. नवरा महादेव, त्याला जडलेला महारोग, आणि हे सगळं अंगावर घेत झिजत गेलेली ती बाई. मी प्रत काढून दिली, वहीत नोंद केली, आणि काम झालं असं समजून चाललो.

दोन दिवसांनी सिस्टर परत आल्या. पुस्तक टेबलावर ठेवून म्हणाल्या, “वाचताना रडले मी. पण ही ती नाही. ह्यातली बाई माझ्याशी बोलत नाही.”

मंडळी, इतकी वर्षं पुस्तकं हाताळूनही हा प्रश्न मला सुचला नव्हता. मी विचारलं, “म्हणजे तुमच्या पुस्तकात गोष्ट ती बाई स्वतःच सांगत होती?” त्या म्हणाल्या, “हो तर. भाकरी थापता थापता शेजारणीला सांगावी तशी.”

मग मी दुसऱ्या कपाटाकडे गेलो. रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’, १९७१. गंगाराम शिंपी, गावातल्या राजकारणात भरडलं गेलेलं त्याचं घर, आणि ही सबंध कहाणी सांगणारी त्याची बायको. सांगते तीही मराठवाड्याच्या बोलीत. ‘धग’मध्ये लेखक कौतिकची गोष्ट सांगतो, ‘पाचोळा’त ती बाई स्वतः बोलते. सारांश लिहायला घेतला तर दोन्ही पुस्तकांचा एका ओळीत जवळजवळ सारखाच होईल, पण वाचणाऱ्याच्या कानाला ही दोन अगदी वेगळी माणसं आहेत.

सिस्टरनी पहिलं पान उघडलं. चष्मा पर्समध्येच होता. पुस्तक हातभर लांब धरून त्या ओठांतल्या ओठांत वाचू लागल्या. पान काही उलटलं नाही, बोट एका ओळीवर तसंच राहिलं. “हीच,” म्हणाल्या, “हीच बोलत होती त्या रात्री.”

मग वऱ्हाड कुठून आलं? ते अमरावतीहून आलं. पुस्तक जिथं वाचलं तो मुलूख पुस्तकाच्या आत जाऊन बसला. त्या खोटं बोलत नव्हत्या, आठवण अशीच चालते. केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट या मानसशास्त्रज्ञाने उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची एक लोककथा इंग्रज वाचकांना वाचायला दिली आणि नंतर काही काळाच्या अंतराने ती त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा लिहून घेतली. कथेतली माणसं सील मारायला निघालेली होती, लिहिणाऱ्यांनी त्यांना मासे धरायला पाठवलं. तिथल्या खास नावेची साधी होडी झाली. हा प्रयोग ज्यात आला ते त्यांचं पुस्तक १९३२चं आहे. जे अनोळखी असतं ते झिजतं आणि त्या जागी ओळखीचं येऊन बसतं. म्हणून वाचक शपथेवर सांगतो ती गावं, नाती, व्यवसाय मी आता पेन्सिलीने लिहितो. गोष्ट कोण सांगत होतं आणि पुस्तक मिटल्यावर कसं वाटलं, एवढं मात्र शाईने.

दुसरा घोटाळा सिनेमाचा. एक गृहस्थ अरुण साधूंची ‘सिंहासन’ घेऊन गेले आणि एक प्रसंग त्यात सापडत नाही म्हणून खट्टू होऊन आले. जब्बार पटेलांचा १९७९चा चित्रपट साधूंच्या दोन कादंबऱ्यांवर बेतलेला आहे, ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’. त्यांना ‘मुंबई दिनांक’ दिली, तिथं त्यांचं समाधान झालं.

तुम्ही म्हणाल, यासाठी सूची असतात की! असतात, आणि त्यांच्यापुढे मी हात जोडतो. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी ग्रंथांची सूची केली, ती १९४३ साली निघाली. पुढचा भाग १९५०पर्यंतचा, तो १९६१ साली. ग्रंथपालाच्या घरात ज्ञानेश्वरीशेजारी ठेवावेत असे हे खंड आहेत. पण सूचीला लेखक लागतो, नाव लागतं, विषय लागतो. ग्रंथालयात पुस्तकं विषयवार आकड्यांनी लावतात, त्या ड्यूईच्या वर्गीकरणात मराठी कथा-कादंबरी म्हणजे ८९१.४६३. ‘पाचोळा’तली बाईही तिथंच, कौतिकही तिथंच, पेशवेही तिथंच. ‘शिंप्याची बाई’ या नोंदीखाली कुठलंच कार्ड निघत नाही.

म्हणून मी एक वही घातली. दोनशे पानी, लाल पुठ्ठ्याची. डाव्या पानावर वाचकाने सांगितलं ते त्याच्याच शब्दांत, चुकांसकट. उजव्या पानावर शेवटी सापडलेलं पुस्तक. चुकांसकट लिहायचं, याबाबत माझा फार आग्रह आहे. आमच्या सहकारी बाई सुरुवातीला वाचकाचं बोलणं दुरुस्त करून लिहायच्या, मी त्यांना थांबवलं. कारण पुढच्या वर्षी दुसरा कुणी येतो आणि तीच चूक घेऊन येतो. सिस्टरांनंतर चार वर्षांनी एक प्राध्यापक आले, तेही ‘वऱ्हाडातली शिंपीण’ म्हणत. मी विचारलं, “ती स्वतः बोलते का?” थोडा विचार करून ते म्हणाले, “नाही, तिच्याबद्दल कुणीतरी सांगतंय.” त्यांना ‘धग’ दिली. तीच त्यांना हवी होती.

ही वही आज मी इथं ग्रंथालयाच्या स्वाधीन करतो आहे. नव्या ग्रंथपालांना माझी विनंती आहे की ती कपाटात ठेवू नका, टेबलावर ठेवा, आणि बाजूला पेन्सिल बांधून ठेवा.

तिच्यात उजवीकडची एकवीस पानं कोरी आहेत. त्यातलं एक वाचतो. सांगणारे आजोबा गेले, पण त्यांची नात अजून विचारायला येते. “आंधळा सासरा असतो. तो सुनेच्या पावलांवरून ओळखतो की ती आज रडली आहे. अंगणात विहीर आहे, तिचं पाणी कुणी पीत नाही. शेवटी कुणीतरी रेल्वेत बसतं. पुस्तक लहान होतं, खिशात मावायचं. लग्नाआधी वाचलं, म्हणजे १९५८च्या आधी.”

कुणाला ओळखीचं वाटत असेल तर चहा झाल्यावर जाऊ नका, मी इथंच बसलो आहे.