दाराच्या कोणत्या बाजूला?

राजवाड्याच्या लोखंडी फाटकावर माणसं चढतायत. फाटक उघडतं आणि चौकातून लोंढा आत घुसतो. पेट्रोग्राडचा (आजचं सेंट पीटर्सबर्ग) हिवाळी राजवाडा, 1917 च्या रशियन क्रांतीची रात्र. हे दृश्य इतक्या ठिकाणी दाखवलं गेलंय की ते त्याच रात्रीचं आहे, असं आपण धरूनच चालतो. पण ते चित्रित झालं 1927 साली, क्रांतीला दहा वर्षं झाली म्हणून सर्गेई आयझेनस्टाइन यांनी केलेल्या चित्रपटासाठी. खऱ्या रात्रीचा असा कुठला लोंढा कॅमेऱ्यात टिपलेला नाही.

त्या रात्री राजवाड्यात शिरलेला एक माणूस मात्र लिहून गेला. जॉन रीड. अमेरिकन पत्रकार, नुकतीच तिशी गाठलेला. 1919 साली न्यूयॉर्कमध्ये त्याचं पुस्तक आलं, ‘जगाला हादरवणारे दहा दिवस’. त्या दिवसांबद्दल काहीही शोधा, हे पुस्तक समोर येतंच. प्रश्न असा, की त्यावर विसंबायचं किती?

आधी रीडचीच कबुली ऐकू. प्रस्तावनेत तो सरळ सांगतो की या लढ्यात माझी सहानुभूती तटस्थ नव्हती, पण लिहिताना मी प्रामाणिक बातमीदाराच्या नजरेनं पाहिलंय. तो बोल्शेविकांच्या, म्हणजे क्रांती करणाऱ्या लेनिनच्या पक्षाच्या, बाजूचा होता. 1920 मध्ये मॉस्कोत टायफसनं गेला, तेव्हा त्याला क्रेमलिनच्या भिंतीपाशी पुरलं. म्हणून काहीजण पुस्तक प्रचार ठरवून बाजूला टाकतात. मला हे फार सोपं वाटतं. पक्षपाती माणसालाही डोळे असतातच.

आता स्मोल्नीतलं, म्हणजे बोल्शेविकांचं ठाणं असलेल्या इमारतीतलं, सोव्हिएतांच्या (कामगार-सैनिकांच्या परिषदांच्या) काँग्रेसचं सभागृह पाहा. माणसं खच्चून भरलेली, हवेत तंबाखूचा धूर. मधूनच कुणीतरी जाहीर करतं की कॉम्रेड, कृपया धूम्रपान करू नका. सगळे, ओढणारेसुद्धा, एका सुरात ओरडतात, ‘ओढू नका, कॉम्रेड!’ आणि ओढत राहतात. हे रीडनं टिपलंय. असला तपशील प्रचारासाठी कुणी रचत नाही. इथं तो स्वतः त्या धुरात बसलेला आहे.

त्याची दुसरी जमेची बाजू म्हणजे कागद. सप्टेंबर 1917 पासून पेट्रोग्राडच्या भिंतींवर लागलेली पत्रकं, हुकूमनामे, जाहिराती तो जमवत होता. 1918 मध्ये मायदेशी परतताच अमेरिकन सरकारनं हे सगळं बाड जप्त केलं. ते हाती यायला कित्येक महिने गेले. मग झपाट्यानं लिहून त्यानं पुस्तक पुरं केलं आणि त्या कागदांतले बरेचसे त्यात छापले. वि. का. राजवाड्यांनी बखर आणि अस्सल कागद यांत जो फरक केला, तो इथं कामी येतो. रीडचं पुस्तक ही बखरच, पण शेवटी अस्सल कागदांचा गठ्ठा बांधलेली.

त्याचं रशियन कच्चं होतं. भाषणं, कुजबुज, वादावादी, बरंच काही दुसऱ्याच्या तोंडून त्याच्यापर्यंत आलं. आणि जिथं तो खोलीत नाही, तिथं पाय घसरतो.

23 ऑक्टोबर 1917 ची रात्र घ्या. रशियाच्या जुन्या पंचांगाप्रमाणे 10 ऑक्टोबर; दोन्हींत तेरा दिवसांचं अंतर, म्हणून तर ‘ऑक्टोबर’ क्रांती नोव्हेंबरात साजरी होते. त्या रात्री बोल्शेविकांच्या केंद्रीय समितीची गुप्त बैठक झाली. रीड सांगतो की पक्षाचे विचारवंत, कामगारांचे आणि सैनिकांचे प्रतिनिधी जमले होते. उठावाचा प्रस्ताव मताला पडला आणि हरला! मग एक रांगडा कामगार रागानं थरथरत उठला, त्यानं सगळ्यांना सुनावलं, आणि पुन्हा मत घेतल्यावर उठाव मंजूर झाला.

प्रसंग झकास आहे. इतिवृत्त वेगळंच सांगतं. हजर होते समितीचे बारा सभासद. मतदान दहा विरुद्ध दोन, विरोधात फक्त झिनोव्हिएव आणि कामेनेव. कामगार उठला नाही, कारण कामगारांचे प्रतिनिधी तिथं नव्हतेच. नंतरच्या एका बंद बैठकीच्या वेळी तर आपण दाराबाहेर ताटकळत होतो आणि बाहेर आलेल्या व्होलोदार्स्की या बोल्शेविक पुढाऱ्यानं आतलं सांगितलं, हे रीड स्वतःच लिहितो. हा त्याचा मोठेपणा. आपण कुठं उभे होतो, ते तो लपवत नाही.

गंमत म्हणजे 23 ऑक्टोबरच्या त्या बैठकीत लेनिन स्वतः होता. त्यानं हे पुस्तक वाचलं, प्रस्तावना लिहिली, लाखो प्रती निघाव्यात असं म्हटलं. त्या कामगाराबद्दल अवाक्षर नाही. प्रस्तावना म्हणजे तपासणी नव्हे.

चूक दाखवली ती स्टॅलिननं, नोव्हेंबर 1924 मध्ये. तोही त्या बैठकीला होता आणि त्याचं म्हणणं बरोबरच होतं. पण तो काळ ट्रॉट्स्कीला, क्रांतीतल्या बड्या पुढाऱ्याला आणि स्टॅलिनच्या प्रतिस्पर्ध्याला, खाली खेचण्याचा होता. रीडच्या पुस्तकात ट्रॉट्स्की पानोपानी. स्टॅलिनचं नाव जेमतेम, तेही याद्यांत आणि सह्यांत. पुढं स्टॅलिनच्या काळात हे पुस्तक सोव्हिएत वाचकांच्या हातून नाहीसं झालं. बैठकीबद्दलच्या चुकीची शिक्षा एवढी मोठी नसते.

रीड अशा गप्पांना फसला, आणि त्या गप्पा पसरवल्या सुखानोव्हसारख्या लोकांनी, असा स्टॅलिनचा आरोप होता. निकोलाय सुखानोव्ह मेन्शेविक, म्हणजे बोल्शेविकांच्या विरोधी समाजवादी गटातला, पेट्रोग्राड सोव्हिएतच्या सुरुवातीपासूनचा माणूस. 1917 च्या त्याच्या आठवणी सात खंडांच्या. रशियन त्याची मायबोली, सगळे पुढारी ओळखीचे, नजर बारीक. साधन म्हणून रीडपेक्षा कितीतरी वरचढ.

आणि ती गुप्त बैठक भरली कुठं? कार्पोव्का नदीकाठी, सुखानोव्हच्याच घरात. त्याची बायको गलीना बोल्शेविक होती. त्या दिवशी तिनं नवऱ्याला काळजीनं सुचवलं की काम संपल्यावर एवढ्या लांब घरी येण्याचा त्रास नको. तो बाहेरच झोपला.